'तुमचा चार जुलै' म्हणायचं कुणी?

बॉस्टन शहरात बीकन स्ट्रीटच्या एका अंगाला मॅसॅच्युसेट्स राज्याचं सोनेरी घुमटाचं विधानभवन आहे आणि समोर बॉस्टन कॉमन हे १६३४ पासूनचं सार्वजनिक मैदान. मैदानाच्या कडेला काशाचं एक मोठं उठावशिल्प आहे. घोड्यावर गोरा अधिकारी, त्याच्या सोबतीने खांद्यावर बंदुका टाकून निघालेले काळे शिपाई. अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचं हे स्मारक. २००९ पासून चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, सुमारास इथे लोक जमू लागले आणि गुलामीतून पळून येऊन गुलामगिरीविरुद्ध बोलत राहिलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८५२ सालचं भाषण मोठ्याने वाचू लागले. वक्ता एक नसतो. एक जण माइकपाशी येतो, वाट्याला आलेला परिच्छेद वाचतो, बाजूला होतो. मागचा पुढे सरकतो. 'मास ह्युमॅनिटीज' या राज्यातल्या संस्थेने इतरांना बरोबर घेऊन हा उपक्रम उभा केला. ती भाषणाची संक्षिप्त संहिता पुरवते आणि गावोगावच्या मंडळांना थोडंफार अनुदानही देते. त्यामुळे बॉस्टनबाहेरही राज्यातल्या अनेक गावांत आता ही वाचनं होतात.

वरवर पाहता यात अडण्यासारखं काही नाही. कागद, माइक, पाऊण तास. पण या भाषणात एक वाक्य आहे: 'हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक करायचा आहे.' डग्लस हे म्हणाला तेव्हा 'मी' कोण आणि 'तुम्ही' कोण यात कणभरही संदिग्धता नव्हती. व्यासपीठावर गुलामीतून पळून आलेला काळा माणूस, समोर बहुतेक गोरे श्रोते. आता तेच वाक्य रांगेतल्या कुणाच्याही हातात पडू शकतं. गोरी निवृत्त शिक्षिका ते वाचते तेव्हा 'तुम्ही' म्हणून ती कुणाकडे बोट दाखवते? तिच्या मागे उभा असलेला काळा तरुण पुढचा परिच्छेद वाचतो आणि त्याचा 'मी' मात्र नेमका बसतो. मग आधीचा 'मी' खोटा होता का?

एकट्या माणसाचं, एकाच तोंडी शोभणारं भाषण शंभर तोंडांत वाटून द्यायचं ठरवलं तर त्याचं काय होतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

मूळ सभा

५ जुलै १८५२. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातलं कॉरिंथियन हॉल. निमंत्रण तिथल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचं. तिकीट साडेबारा सेंट, श्रोते पाचशे ते सहाशे. त्या वर्षी ४ जुलै रविवारी आला होता, त्यामुळे समारंभ सोमवारवर गेला होता. शिवाय न्यूयॉर्क राज्यात १८२७ साली गुलामगिरी संपली, तेव्हापासून तिथले काळे लोक ४ ऐवजी ५ जुलैला आपला दिवस साजरा करत आलेच होते. म्हणजे तारीखसुद्धा काही बोलत होती.

डग्लस तेव्हा ३४ वर्षांचा होता. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, १८३८ मध्ये पळाला, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला पोचला आणि पुढे १८४७ मध्ये रॉचेस्टरला येऊन त्याने वर्तमानपत्र काढलं. कायद्याच्या दृष्टीने तो मोकळा झाला १८४६ मध्ये, इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी त्याच्या मालकाला १५० पौंड मोजून दिल्यावर. स्वातंत्र्यदिनाचा प्रमुख वक्ता सहा वर्षांपूर्वीपर्यंत कुणाची तरी मालमत्ता होता, आणि हे सभागृहातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. डग्लस उभा राहण्याआधी त्या सभेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला होता. तो काही खास बेत नव्हता, रीतच होती. जुलै १७७६ मध्ये जाहीरनामा अमेरिकेत पसरला तो छापून जितका, तितकाच वाचून. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे तो वाचला गेला आणि त्याच रात्री जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा पुतळा खाली ओढला. १८ जुलैला बॉस्टनमध्ये, आज 'ओल्ड स्टेट हाउस' म्हणतात त्या इमारतीच्या सज्जातून तो वाचला गेला, आणि दर चार जुलैला त्याच सज्जातून अजूनही वाचतात. तेव्हा बॉस्टन कॉमनवरच्या मंडळींनी नवी प्रथा पाडली असं म्हणणं पूर्ण खरं नाही. जुन्या प्रथेत त्यांनी संहिता बदलली. जाहीरनाम्याचं वाचन ऐकून उठलेल्या माणसाने दिलेलं उत्तर आता वाचलं जातं.

सर्वनामांची करामत

हे भाषण ज्यांनी सुट्या वाक्यांतून वाचलंय त्यांना ते रागाचं भाषण वाटतं. अख्खं वाचलं तर पहिला मोठा भाग स्तुतीचा आहे. राष्ट्र ७६ वर्षांचं, म्हणजे अजून बाल्यात. बाल्यात आहे म्हणून सुधारायची आशा आहे. जाहीरनाम्यावर सह्या करणारे शूर होते, मुत्सद्दी होते, देशभक्त होते. श्रोते खूश होत असणार. पण या सगळ्या स्तुतीत तो चुकूनही 'आपले पूर्वज' म्हणत नाही. तुमचे पूर्वज. तुमचं स्वातंत्र्य. तुमचं राष्ट्र. गोड बोलता बोलता त्याने दोघांमध्ये रेघ ओढून ठेवलेली असते आणि ऐकणाऱ्याला ती दिसते उशिरा.

इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द आहे. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, हे संदर्भावरून ठरवायचं. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर आणि 'आपण' म्हटलं की समोरचा आत. आपल्याला ही सोय इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचं मोल जाणवत नाही. डग्लसचं भाषण मराठीत आणायचं तर अनुवादकाची पहिली परीक्षा इथेच. 'आपला राष्ट्रीय दिन' असं सहज लिहून गेलात की भाषण मेलं. आदरार्थी 'आपण' सुद्धा चालणार नाही, कारण तो ऐकताना 'आपण सगळे' असा भास होतो. रोखठोक 'तुम्ही' हवा.

त्यातही एक पेच आहे. संबोधन मात्र तो 'सहनागरिकहो' असं करतो, पुन्हा पुन्हा. पाचच वर्षांनी, १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालय सांगणार होतं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही. म्हणजे 'सहनागरिकहो' हा हक्क सांगणं आहे आणि 'तुमचं राष्ट्र' ही वस्तुस्थिती आहे. दोन्ही एकाच दमात. वाचनात हे दोन शब्द वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी गेले तर हा ताण तुटतो, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, त्याबद्दल पुढे.

आयोजकांपुढचे निर्णय

जागेचा निर्णय उत्तम होता. ५४वी पलटण १८६३ मध्ये उभी राहिली तेव्हा शिपाई भरतीसाठी डग्लस स्वतः फिरला. त्याचे दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, तीत दाखल झाले. १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅगनर या दक्षिणेच्या किल्ल्यावर झालेल्या हल्ल्यात लुईस होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १० ठरवले आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापले. पलटणीने पगार घेणंच नाकारलं आणि १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, समान वेतन मान्य करेपर्यंत ती फुकट लढली. स्मारक १८९७ मध्ये उघडलं. त्यावर नावं होती ती अधिकाऱ्यांची. मरण पावलेल्या काळ्या शिपायांची नावं कोरायला १९८०चं दशक उजाडलं. अशा दगडापाशी उभं राहून 'तुमचं' आणि 'माझं' वाचलं की स्पष्टीकरणाच्या फलकाची गरज उरत नाही.

संक्षेपाचा निर्णय जास्त अवघड. मूळ भाषण सुमारे दहा हजार शब्दांचं. सगळं वाचायचं तर तासावर वेळ जातो, आणि जुलैच्या उन्हात उभ्या गर्दीला ते झेपत नाही. म्हणून कात्री हवीच. ती कुठे चालवायची यात आयोजकाचा स्वभाव दिसतो. सर्वांत सोपं म्हणजे गाजलेला तुकडा उचलणं: 'अमेरिकी गुलामाला तुमचा चार जुलै काय वाटतो?' नामवंत नटांनी हाच भाग वाचलेला आहे, आणि तो एकट्याने ऐकला तरी अंगावर काटा येतो. पण तेवढंच घेतलं तर भाषण म्हणजे नुसती खरडपट्टी होते. स्तुती गेली की सापळा गेला. सापळा गेला की श्रोता पहिल्यापासून सावध.

दुसरा न कापण्यासारखा भाग राज्यघटनेचा. डग्लसचे गुरू आणि जोडीदार विल्यम लॉइड गॅरिसन यांचं मत असं की राज्यघटना गुलामगिरीशी केलेला करार आहे, तिच्याशी संबंधच नको. १८५४ च्या चार जुलैला मॅसॅच्युसेट्समधल्याच फ्रेमिंगहॅम गावी गॅरिसन यांनी तिची प्रत जाहीर सभेत जाळली. डग्लस १८५१ मध्येच या मतापासून दूर झाला होता. रॉचेस्टरच्या भाषणात तो म्हणतो की नीट वाचली तर ही घटना स्वातंत्र्याचा गौरवशाली दस्तऐवज आहे. इतकं झोडपल्यावर तो हे म्हणतो, म्हणून त्याला वजन आहे. हा परिच्छेद गाळला तर वाचनाला आलेला माणूस अर्धवट डग्लस घेऊन घरी जातो.

चर्चवरच्या टीकेचं काय? ती लांब आहे, धारदार आहे आणि स्थानिक कार्यक्रम चर्चच्या सभागृहात ठेवला असेल तर अवघडही आहे. माझ्या मते निदान एक परिच्छेद राहू द्यावा. यजमानाला थोडं टोचलं नाही तर डग्लस वाचून काय केलं? फरारी गुलाम कायद्याचा भागही बॉस्टनमध्ये तरी कापू नये. १८५० च्या त्या कायद्याखाली पकडलेला माणूस मालकाकडे परत धाडला तर निवाडा करणाऱ्याला १० डॉलर, सोडून दिला तर ५. डग्लस हा आकडा सांगतो आणि त्याला सरळ लाच म्हणतो. त्याच कायद्याने १८५४ मध्ये पळून आलेल्या अँथनी बर्न्सला बॉस्टनच्या भर रस्त्यातून, सैनिकांच्या रांगांमधून बंदरावर नेऊन पुन्हा गुलामीत पाठवलं. लोकांनी इमारतींवर काळी कापडं टांगली होती. ती वाट स्टेट स्ट्रीटवरून गेली, म्हणजे १७७६ मध्ये जाहीरनामा ज्या सज्जातून वाचला त्याच्याच समोरून.

वाचायचं कुणी

आता मुख्य गाठ. यावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की गोऱ्या माणसाने डग्लसचा 'मी' वाचू नये. भाषणात बाल्टिमोरच्या बंदराजवळची त्याची आठवण आहे. मध्यरात्री साखळ्यांनी जखडलेल्या गुलामांच्या टोळ्या जहाजाकडे चालवत नेत, त्यांच्या पावलांचा आणि रडण्याचा आवाज ऐकून लहानपणी तो जागा होई. ही आठवण परक्याने 'मला आठवतं' म्हणून वाचायची म्हणजे दुसऱ्याच्या जखमेवर आपलं नाव घालणं, असं कुणाला वाटलं तर ते चूक नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि मला अधिक बोचणारा. काळ्या वाचकालाच पुढे केलं तर सुट्टीच्या दिवशी, बहुतांशी गोऱ्या जमावासमोर, त्याने आपलं दुःख सादर करून दाखवायचं. गंमत अशी की हा आक्षेप डग्लसने स्वतःच नोंदवून ठेवलाय. स्तुती संपताच तो विचारतो, मला आज इथे बोलायला का बोलावलंत? आणि बायबलातलं १३७ वं स्तोत्र काढतो: बाबिलोनच्या नद्यांकाठी आम्ही बसून रडलो, आणि ज्यांनी आम्हाला धरून नेलं तेच म्हणाले, तुमचं एखादं गाणं म्हणा. निमंत्रण देणाऱ्यांच्या तोंडावर, त्यांच्याच व्यासपीठावरून, तेही त्याला मनापासून मानणाऱ्या माणसांसमोर.

रांगेची पद्धत या दोन्हींमधून वाट काढते, ती अशी. कोणता परिच्छेद कुणाला हे बऱ्याचदा रांगच ठरवते. त्यामुळे दुःख सादर करण्याची जबाबदारी एकावर पडत नाही, आणि 'मी'ची मालकीही कुणाकडे राहत नाही. वाचणारा अभिनय करायला जात नाही, कारण एका परिच्छेदात पात्र उभं करायला वेळच नसतो. तो वाचतो, अडखळतो, एकोणिसाव्या शतकातल्या लांबलचक वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते चुकतो. अडखळणं इथे दोष नाही. सराईत वक्ता 'तुमचा' हा शब्द सफाईने फेकतो. ज्याने कागद नुकताच हातात घेतलाय तो त्या शब्दाशी क्षणभर थांबतो. गोऱ्या वाचकाने 'तुमचा चार जुलै' म्हटलं की ते बोट फिरून त्याच्याचकडे येतं आणि हे त्याला वाचतानाच कळतं. 'सहनागरिकहो' एकाने आणि 'तुमचं राष्ट्र' दुसऱ्याने वाचलं तरी ताण तुटत नाही, म्हणालो ते यासाठी. तो ताण माणसातून निघून जमावात उतरतो.

परदेशातून येऊन नागरिक झालेल्या वाचकाची गोष्ट आणखी वेगळी. 'तुमचे पूर्वज' हे शब्द त्याच्या तोंडी व्याकरणाने तंतोतंत बसतात. १७७६ मध्ये त्याचं कुणीच तिथे नव्हतं. पण नीट पाहिलं तर त्याची आणि डग्लसची बाजू एक नाही. हा आपखुशीने आला आणि आल्यावर सण साजरा करायला त्याला मुभा मिळाली. डग्लस त्याच मातीत जन्मला आणि बाहेर ठेवला गेला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला हा परिच्छेद आलाच तर त्याने हे ध्यानात धरावं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केला. आपलं या विषयाशी नातं जुनं आहे, पण ते सहानुभूतीचं आहे, वारशाचं नाही.

वारशाच्या वाटेने जाणारा प्रयोगही झालेला आहे. २०२० मध्ये एनपीआर या रेडिओ संस्थेने डग्लसच्या वंशातल्या पाच तरुणांकडून भाषणाचे उतारे वाचून घेतले आणि त्याची चित्रफीत काढली. तिथे 'मी' कुणाचा हा प्रश्नच उद्भवत नाही. रक्ताचं उत्तर आहे. ती चित्रफीत जबरदस्त आहे. पण ती पाहणारा प्रेक्षक राहतो. मैदानावरच्या रांगेत प्रेक्षक राहायची सोय कमी, कारण पुढचा परिच्छेद कदाचित तुमचा असतो.

उरलेला प्रश्न

अशा कार्यक्रमाला येतात ती आधीच पटलेली माणसं, ही तक्रार हमखास होते. ती खरी आहे. पण १८५२ मध्ये तरी कोण आलं होतं? गुलामगिरीविरोधी संस्थेच्या सभेला तिकीट काढून आलेले लोक. गुलामांचे मालक काही रॉचेस्टरला आले नव्हते. डग्लसने वार केला तो मित्रांच्या निवांतपणावर. पटलेल्या माणसांसमोर हे भाषण वाचणं हा त्याचा गैरवापर नाही. ते लिहिलंच त्यांच्यासाठी होतं. वाचनानंतर चर्चा ठेवतात ती बरी, पण ती लगेच सुरू करू नये असं मला वाटतं. वाचून झाल्या झाल्या 'तुम्हाला काय वाटलं' विचारलं की माणसं बरं वाटण्यासाठी बोलायला लागतात.

भाषणाचा शेवट गॅरिसन यांच्याच कवितेने होतो. ज्यांच्याशी नुकतंच फाटलं त्यांचेच शब्द घेऊन डग्लस म्हणतो, हे मी म्हणतो आणि प्रत्येक हृदयाने माझ्याबरोबर म्हणावं. सबंध भाषणात सामुदायिक स्वर मागितलाय तो इथे. एकेकाने वाचत आणलेली संहिता या ओळींना सगळ्यांनी एकत्र म्हटली तर ती मूळ वक्त्याच्या सूचनेबरहुकूमच होईल.

आणि एक मोह आहे, तो आयोजकांना कधी ना कधी होणारच. दहा वर्षांनी, ४ जुलै १८६२ रोजी, युद्ध पेटलेलं असताना न्यूयॉर्क राज्यातल्याच हिमरॉड्स कॉर्नर्स या ठिकाणी डग्लस पुन्हा स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला उभा राहिला. या वेळी त्याने 'आपले पूर्वज' म्हटलं. लोकांच्या ध्यानात आहे ते १८५२ चं 'तुमचे'. हे 'आपले' फारसं कुणाला माहीत नाही. वाचनाच्या शेवटी त्यातला एक परिच्छेद जोडावा, म्हणजे वर्तुळ पूर्ण होईल, असं सुचतं. मी तो जोडणार नाही. त्या 'आपले'ची किंमत मधल्या दहा वर्षांत मोजली गेली होती, आणि पाऊण तास उन्हात उभ्या राहिलेल्या गर्दीला तो शब्द फुकट मिळाला असता.